गव्हनचे कोरीव दगड आणि त्यांच्या वयाचा शोध

ग्लासगो शहराच्या पश्चिम भागात, क्लाइड नदीच्या दक्षिण काठावर गव्हन नावाची वस्ती आहे. एकेकाळी जहाजबांधणीसाठी जगभर नावाजलेल्या या वस्तीत एक जुने पॅरिश चर्च उभे आहे. आजची इमारत 1884 ते 1888 या काळात रॉबर्ट रोवँड अँडरसन या वास्तुरचनाकाराने बांधली, म्हणजे ती फार जुनी नाही. मात्र आत मांडलेले 31 कोरीव दगड साधारण नवव्या ते अकराव्या शतकातले आहेत आणि जमिनीखालची दफने त्यांच्याही आधीची आहेत. येथे येणाऱ्याने आधी इमारत नव्हे, तर हे दगड पाहावेत.

दगडांजवळ उभे राहिल्यावर मनात येणारा पहिला प्रश्न असा, की यांचे वय ठरवले कसे? दगडाचे स्वतःचे वय भूगर्भशास्त्र सांगू शकते. ग्लासगो परिसराखालचा वालुकाश्म 30 कोटी वर्षांहून जुना आहे, परंतु त्यावर छिन्नी कधी चालली हे त्यावरून कळत नाही. किरणोत्सारी कार्बनवर आधारलेली कालमापन पद्धत येथे थेट वापरता येत नाही, कारण ती एकेकाळी जिवंत असलेल्या वस्तूंनाच लागू पडते. प्राणी किंवा वनस्पती मेली की तिच्यात नव्या कार्बनची भर पडणे थांबते आणि कार्बन-14 चे प्रमाण दर 5,730 वर्षांनी निम्मे होत जाते. वालुकाश्मात असे घड्याळ नसते. म्हणून संशोधक आडवाटेने जातात. 1990 च्या दशकात चर्चच्या आवारात झालेल्या उत्खननात सापडलेल्या जुन्या दफनांमधील अस्थींचे कालमापन पाचव्या-सहाव्या शतकापर्यंत पोहोचले, आणि येथे धर्मस्थळ किती आधीपासून होते याला आधार मिळाला. दगडांचा काळ मात्र मुख्यतः नक्षीच्या शैलीवरून, इतरत्र सापडलेल्या कामाशी तुलना करून आणि लिखित इतिहासाशी ताडून ठरवावा लागतो. त्यामुळे वर्ष हाती येत नाही, शतक येते.

लिखित इतिहासाने येथे मोलाची मदत केली आहे. क्लाइडच्या मुखाजवळील डंबार्टनच्या खडकावर ब्रिटन लोकांच्या, म्हणजे वेल्शला जवळची भाषा बोलणाऱ्या तेथल्या प्राचीन रहिवाशांच्या, राज्याचा किल्ला होता. इ. स. 870 मध्ये डब्लिनहून आलेल्या ओलाफ आणि इवार या व्हायकिंग (मूळच्या स्कँडिनेव्हियन दर्यावर्दी) सरदारांनी त्याला चार महिने वेढा घातला आणि अखेर तो पडला. यानंतर राज्याचे केंद्र नदीच्या वरच्या अंगाला गव्हन परिसरात सरकले आणि राज्याचे स्ट्रॅथक्लाइड हे नाव पुढे आले, असे अभ्यासक मानतात. गव्हनमध्ये एवढे कोरीव दगड एकाच ठिकाणी का आहेत, याचे मला सर्वांत पटणारे उत्तर हेच आहे: येथे राजे आणि सरदार पुरले जात होते.

पाच मोठे, लांबट दगड चटकन लक्ष वेधून घेतात. त्यांना हॉगबॅक म्हणतात, कारण त्यांची पाठ डुकराच्या पाठीसारखी मध्ये फुगलेली असते. बाजूंवर कौलांच्या रांगा कोरलेल्या दिसतात, म्हणजे थडग्यावर जणू एक घरच ठेवलेले आहे. हा प्रकार स्कँडिनेव्हियात आढळत नाही. तो दहाव्या शतकात उत्तर इंग्लंडमध्ये, तेथे स्थायिक झालेल्या स्कँडिनेव्हियन लोकांच्या संपर्कातून घडला. ज्या नदीकाठी वेढा पडला होता, तिच्याच काठी शंभरेक वर्षांत त्या लोकांची स्मारकशैली उच्चकुलीनांच्या कबरींवर आली, ही गोष्ट राजकारण किती बदलले होते ते सांगते.

एकाच अखंड दगडातून कोरलेली दगडी शवपेटी 1855 मध्ये थडगे खोदताना अचानक सापडली. तिच्यावर घोडेस्वार हरणाची शिकार करतो आहे आणि भोवती गोफ विणावा तशी गुंतागुंतीची नक्षी आहे. चर्च संत कॉन्स्टंटाइनला अर्पण केलेले असल्याने त्याचे अवशेष या पेटीत ठेवले असावेत, असा तर्क केला जातो. झाकण मात्र हरवले आहे.

दगडांची झीज हाही अभ्यासाचा भाग आहे. वालुकाश्म म्हणजे वाळूच्या कणांची खनिज लेपाने झालेली बांधणी. छिद्रांत शिरलेले पाणी गोठताना सुमारे 9 टक्के फुगते आणि कण सैल करते. कारखान्यांच्या धुरातील गंधकाचे आम्ल हा लेप खाऊन टाकते. सतराव्या शतकापासून स्थानिक कुटुंबांनी यांतील काही दगड आपल्या कबरींसाठी पुन्हा वापरले आणि नक्षीवर आपली नावे कोरली. नक्षीचे नुकसान झाले हे खरे, पण कोणते कोरीवकाम आधीचे आणि कोणते नंतरचे याचा क्रम त्यातून निर्विवाद कळतो. 1926 मध्ये निवडक दगड इमारतीत आणले गेले. त्याआधी 1899 मध्ये सर जॉन स्टर्लिंग मॅक्सवेल यांनी दगडांच्या प्लॅस्टर प्रतींची छायाचित्रे प्रसिद्ध केली होती, म्हणून हरवलेल्या दगडांचे रूपही आपल्याला माहीत आहे.

हल्ली एकाच दगडाचे वेगवेगळ्या कोनांतून शेकडो फोटो घेऊन संगणकावर त्याचे त्रिमिती रूप उभे करतात. रंग काढून टाकला आणि बाजूने तिरपा प्रकाश पाडला, की डोळ्यांना न दिसणारी उथळ रेघ सावलीमुळे उठून येते. हाच नियम भेट देणाऱ्यानेही पाळावा: दगड समोरून पाहून पुढे न जाता प्रकाश ज्या बाजूने येतो तिकडून वाकून पाहावा.

शेजारची गोदी 1970 च्या दशकात पाडताना चर्चच्या आवारातच राहिलेले काही दगड कायमचे नष्ट झाले असे मानले जात होते. 2019 मध्ये लोकसहभागातून झालेल्या उत्खननात एका शाळकरी मुलाला त्यांतला एक सापडला आणि नंतर आणखी दोन मिळाले. 2023 मध्ये आवारात खांद्यावर गोल ढाल घेतलेला योद्धा कोरलेला दगड आढळला. त्याची आकृती उठावदार नसून रेघांनी कोरलेली आहे, म्हणून गव्हनच्या इतर दगडांत तो वेगळा उठून दिसतो.