माड, अकेशिया आणि शाळेचे रोप : गोव्यातील विद्यार्थी वृक्षारोपणाची पार्श्वभूमी

जूनच्या पहिल्या आठवड्यात गोव्यातल्या शाळा जे वृक्षारोपण करतात ते आता हवामान बदलाच्या नावाने होते. फलकावर तसे लिहिलेले असते आणि मुलांच्या भाषणांतही तेच येते. आम्ही शाळेत होतो तेव्हा त्याच कार्यक्रमाला वनमहोत्सव म्हणत. नाव बदलले, खड्डे मात्र पुष्कळदा तेच राहिले. रोप कुठले लावायचे, कुणाच्या जमिनीत लावायचे, आणि जे लावले त्याला झाड म्हणायचे की नाही, हे आमच्याकडे शाळेत कधीच ठरले नाही. शेवटचा प्रश्न तर माडाच्या निमित्ताने थेट विधानसभेत गेला. तो निर्णय समजून घेतल्याशिवाय आजच्या मोहिमा नीट कळत नाहीत, म्हणून पुढे त्यावर जास्त लिहिले आहे.

वनमहोत्सव 1950 साली तेव्हाच्या केंद्रीय कृषिमंत्र्यांनी सुरू केला. गोवा त्या वेळी पोर्तुगिजांच्या ताब्यात होता, त्यामुळे तो आपल्याकडे पोचला 1961 च्या मुक्तीनंतर. त्याआधी इथे झाडे लावली जात नव्हती असे मुळीच नाही. डोंगरउतारावरचा काजू पोर्तुगिजांनीच आणलेला, आणि कुळागरे (घराजवळच्या सुपारी-नारळाच्या बागा) व माडांची भाटे (माडांच्या बागा) गावाने पिढ्यान्‌पिढ्या राखलेली. सत्तरीत बांबर इथली निरंकाराची राय देवाच्या नावावर टिकली, तिथे दलदलीतले दुर्मीळ जंगल अजून उभे आहे. ते कुणी लावले नाही, फक्त तोडले नाही. देवराईची ही परंपरा शाळेच्या कार्यक्रमात कधी शिरली नाही, कारण न तोडण्याचा समारंभ करता येत नाही.

शाळा-महाविद्यालयांचा हात या कामाला लागला तो टप्प्याटप्प्याने. राष्ट्रीय सेवा योजना 1969 साली आली आणि महाविद्यालयीन शिबिरांत कुदळ-फावडे आले. 1991 साली सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण हा विषय शिक्षणात सक्तीचा करायला सांगितले. 2001 नंतर शाळाशाळांतून हरित सेनेचे गट उभे राहिले. तेव्हापासून वृक्षारोपणाचा अहवाल पाठवणे हा शिक्षकाच्या कामाचाच भाग झाला. किती रोपे लावली, हा त्यातला पहिला रकाना. किती जगली, हा रकाना मी बरीच वर्षे पाहिला नाही.

रोपांच्या जातीबद्दल सांगायचे तर माझ्या पिढीने अकेशिया लावला. डिचोली, सत्तरी, सांगे भागात खनिजाच्या मातीचे ढिगारे उभे होते, पावसात ती माती शेतात आणि ओहोळात उतरायची. ती धरून ठेवायला काहीतरी झटपट वाढणारे हवे होते. ऑस्ट्रेलियाकडचा हा अकेशिया निकृष्ट मातीत तग धरतो, हवेतला नत्र मुळांशी बांधतो आणि गुरे त्याला तोंड लावत नाहीत. कागदावर याहून सोयीचे झाड नाही. सडे (जांभ्याचे सपाट माळ), रस्त्यांच्या कडा, शाळांची आवारे, सगळीकडे तोच गेला. ढिगाऱ्यांवर त्याने काम केले हे मान्य केलेच पाहिजे. पण त्याची कोयत्यासारखी वाकडी जाड पाने लवकर कुजत नाहीत, खाली जाड थर साचतो आणि त्यातून दुसरे रोपटे वर येणे कठीण होते. आमच्या शाळेमागच्या सड्यावर आम्ही लावलेली रांग तीस वर्षांनी जाऊन पाहिली. झाडे उंच झाली होती, खाली पाचोळा चुरचुरत होता, आणि करवंदीची एक जाळी तेवढी कडेला शिल्लक होती.

जांभ्याच्या सड्यावर खड्डा मारणे म्हणजे काय, हे ज्याने मारला त्यालाच कळते. वरची तांबडी माती वीतभर, मग दगड. पिकासाचा घाव पडला की ठिणगी उडते आणि हात झिणझिणतात. मुलांकडून तो पुरेसा खोल होत नाही. मग दीड वीत खड्ड्यात रोप बसते, पिशवी ओढून काढताना मातीचा गड्डा फुटतो, मुळे उघडी पडतात, आणि फोटो काढून झाल्यावर सगळे पावसातून पळतात. जुलै-ऑगस्टात ते हिरवे दिसते, कारण गोव्यात तेव्हा काहीही हिरवे दिसते. खरी परीक्षा जानेवारीनंतर. सड्यावरचे पाणी आटते, एप्रिलमध्ये दगड तापतो आणि मे महिन्यात शाळेला कुलूप असते. मी शिकवायला लागलो त्या पहिल्या शाळेत सलग काही वर्षे आम्ही त्याच खड्ड्यांत नवी रोपे लावली. खड्डे तयार आहेत हे सोयीचे आहे, असे बैठकीत कुणीतरी म्हणाले, आणि कुणालाच त्यात खटकले नाही. मलाही नाही. आज ते आठवले की फार वाईट वाटते.

आता माडाकडे. गोव्यात झाडे तोडायला परवानगी लागते ती 1984 च्या वृक्षसंरक्षण कायद्याने. गोवा, दमण आणि दीव एकत्र होते तेव्हाचा हा कायदा. तोडायचे असेल तर वृक्ष अधिकाऱ्याकडे अर्ज आणि बदल्यात नवी लागवड, असे त्याचे सर्वसाधारण स्वरूप. 2008 च्या दुरुस्तीने माडाला या कायद्याचे संरक्षण स्पष्ट शब्दांत मिळाले. मग जानेवारी 2016 मध्ये विधानसभेने आणखी एक दुरुस्ती मंजूर करून ते काढून घेतले.

त्या दिवसापासून 'सरकारने माडाला गवत ठरवले' हे वाक्य तोंडोतोंडी झाले. देशभरच्या बातम्यांतही तेच गेले. पण दुरुस्तीने माडाला गवत म्हटलेले नव्हते. माड या कायद्यापुरता झाड नाही, एवढेच तिने केले. गवताचा शब्द आला तो वनस्पतिशास्त्राच्या आधाराने केलेल्या समर्थनातून. माडाला फांद्या नाहीत, खोडात खऱ्या अर्थाने लाकूड नाही, तो एकदल आहे, असे सांगितले जात होते. यातले बरेचसे बरोबर आहे. माडाचे खोड आंब्या-फणसासारखे वर्षागणिक जाड होत नाही, आडवे कापले तर वयाची वर्तुळे दिसत नाहीत. गवतही एकदलच. मात्र माड आणि गवत ही दोन वेगळी कुळे आहेत, आणि एकदल असणे म्हणजे गवत असणे नव्हे. शिवाय वनस्पतिशास्त्रात 'झाड' हा वर्गच नाही, ते फक्त वाढीच्या रूपाचे नाव आहे. भारतीय वन कायद्याने 1927 पासून ताडवर्गाला झाडांत धरले आहे. बांबू तर खराखुरा गवत, तोही त्या कायद्यात 2017 पर्यंत झाडच होता. म्हणजे कायदा झाडाची व्याख्या शास्त्रासाठी करत नाही, कशाला राखायचे यासाठी करतो. 2016 च्या सगळ्या वादात हा मुद्दा फार थोड्या लोकांनी मांडला, आणि माझ्या मते तोच निर्णायक होता.

दुरुस्तीच्या बाजूनेही बोलण्यासारखे होते. भाटकाराकडे (जमीनदाराकडे) किंवा छोट्या बागायतदाराकडे म्हातारे, फळ न धरणारे माड असतात. घरावर झुकलेला माड पावसाळ्यात रात्रीची झोप उडवतो. त्यासाठी कचेरीत हेलपाटे घालायचे, आणि वर पाडेली, म्हणजे माडावर चढून नारळ काढणारा, मिळत नाही ही वेगळीच अडचण. जुने काढून नवे लावायला मोकळीक द्या, ही मागणी खोटी नव्हती. पण मोकळीक प्रक्रिया सोपी करूनही देता आली असती. त्यासाठी सगळ्याच माडांचे संरक्षण काढायची गरज नव्हती. त्याच काळात सांगे तालुक्यात एका मद्यनिर्मिती प्रकल्पाच्या जागेवरच्या माडांचा वाद पेटलेला होता, त्यामुळे दुरुस्ती नेमकी कुणासाठी, असा सवाल विरोधकांनी केला. सरकारने हा आरोप फेटाळला. गावागावांत लोकांनी माडाला मिठ्या मारून निषेध केला. 2017 मध्ये सरकार बदलल्यावर माड कायद्यात परत आला, आणि त्याला राज्यवृक्षाचा मान देण्याची घोषणाही झाली. तोवर हा मान माट्टीकडे होता.

शाळेत याचे पडसाद कसे उमटले ते माझ्या डोळ्यांसमोरचे आहे. 2016 च्या जूनमध्ये आमच्या सातवीतली एक मुलगी चिखलाने भरलेल्या गोणपाटात गुंडाळून कवाथा घेऊन आली. नारळाला फुटलेला कोंब, दोन पाने अजून मिटलेली, खाली सोडणातून बाहेर डोकावणारी पांढरी मुळे. "सर, आज्यान दिला," म्हणाली. आमच्याकडे भरायचा जो तक्ता होता त्यात जांभूळ, आवळा, करंज अशी नावे छापलेली होती, माड नव्हता. वर्गातल्या एका मुलाने मोठ्याने सांगितले की माड आता झाड नाही, पेपरात आले आहे. ती मुलगी काहीच बोलली नाही, गोणपाटाची सुतळी सोडत राहिली. आम्ही तो कवाथा विहिरीकडच्या बाजूला लावला. तक्त्यात मी 'इतर' लिहिले.

देशाच्या 2021 च्या वनस्थिती अहवालात गोव्याचे वनाच्छादन 2244 चौरस किलोमीटर, म्हणजे भूभागाच्या 60 टक्क्यांहून थोडे जास्त दाखवले आहे. हा आकडा भाषणांत अभिमानाने येतो. मात्र त्या मोजणीत एक हेक्टर किंवा त्याहून मोठी आणि वरून पाहता किमान 10 टक्के छत्र असलेली कुठलीही जागा धरतात, मग ती कुणाच्याही मालकीची आणि कुठल्याही जातीच्या झाडांची असो. माडांची भाटे आणि काजूच्या बागाही त्यात येतात. म्हणजे एकीकडे 2016 मध्ये राज्याच्या कायद्यात माड झाड नव्हता, आणि दुसरीकडे अशाच मोजणीत माडांच्या बागा धरून राज्य हिरवे ठरत होते.

'जंगल' या शब्दाचीही अशीच ओढाताण झाली. डिसेंबर 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जंगल हा शब्द त्याच्या रूढ अर्थाने घ्या, मालकी पाहू नका, असा आदेश दिला. त्यानंतर गोव्यातली खासगी जंगले ओळखायला समित्या नेमल्या गेल्या. सलग पाच हेक्टर, 75 टक्के वनजातीची झाडे आणि 0.4 छत्रघनता (म्हणजे 40 टक्के जागा झाडांच्या छत्राखाली), हे निकष त्यासाठी वापरले गेले. त्यात न बसणारे गावाचे डोंगर, कोमुनिदादीच्या (गावाच्या सामायिक जमिनी सांभाळणाऱ्या संस्थेच्या) टेकड्या, अर्धवट झुडपी सडे मोकळे राहिले. शाळेची मुले नेमकी अशाच जागी रोपे लावतात, आणि काही वर्षांनी तिथे प्लॉट पडतात. रोप जगले तरी जागा उरेलच असे नाही.

विद्यार्थ्यांनी लावण्याइतकेच राखण्यासाठी बोलायला सुरुवात केली ती 2020 मध्ये. मोलेचे राष्ट्रीय उद्यान आणि भगवान महावीर अभयारण्यातून रेल्वे दुपदरीकरण, महामार्ग रुंदीकरण आणि 400 केव्हीची वीजवाहिनी असे तीन प्रकल्प जाणार होते. टाळेबंदीच्या काळात महाविद्यालयीन मुलामुलींनी पत्रे लिहिली, चित्रे काढली, कायद्याच्या बाजू समजून घेतल्या. 1 नोव्हेंबरच्या रात्री चांदर इथे रेल्वेमार्गाजवळ हजारोंच्या संख्येने लोक जमले, त्यात तरुण मोठ्या संख्येने होते. एप्रिल 2021 मध्ये न्यायालयाने नेमलेल्या समितीने दुपदरीकरणाविरुद्ध अहवाल दिला आणि मे 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला मिळालेली वन्यजीव मंजुरी रद्द केली. उभे जंगल किती कर्ब धरून ठेवते आणि नव्या रोपाला त्या ठिकाणी पोचायला किती दशके लागतात, हा हिशेब गोव्यातल्या मुलांनी पुस्तकाबाहेर पहिल्यांदा या निमित्ताने मांडला. ज्या शाळांत 'एकाच्या बदल्यात दहा लावू' हे वाक्य सहज बोलले जायचे तिथेही मुले त्यावर प्रश्न विचारू लागली.

मार्च 2023 मध्ये म्हादई अभयारण्याच्या परिसरात कित्येक दिवस आगी भडकत राहिल्या, हवाई दलाची हेलिकॉप्टरे आणावी लागली. सत्तरीतल्या मुलांनी धूर घरातून पाहिला. जून 2024 पासून आईच्या नावाने एक झाड लावण्याची देशव्यापी मोहीम शाळांत आली. रोपाला आईचे नाव असल्याने मुले निदान ते रोप ओळखतात, हा तिचा फायदा मी पाहिला आहे.

रोपांच्या जातीही बदलल्या. अकेशिया शाळांकडे येणे कमी झाले. भिरंड (कोकम), जांभूळ, किंदळ, माट्टी मिळतात. आमच्याकडे चवथीला गणपतीच्या वर जी फळा-पानांची माटोळी बांधतात तिला लागणारी रानफळे मुलांनी आधी ओळखायची आणि मग त्यांतल्या कशाचे रोप करता येईल ते घरच्या मोठ्यांना विचारायचे, अशी सवय आम्ही लावली. बियांपासून स्वतः केलेल्या रोपाकडे मूल वेगळ्या नजरेने बघते.

2025 पासून सहावीपासूनच्या बहुतेक वर्गांचे शैक्षणिक वर्ष एप्रिलमध्ये सुरू होऊ लागले. उन्हामुळे त्याला पालकांचा विरोध झाला, तो समजण्यासारखा होता. झाडांच्या बाजूने मात्र एक गोष्ट घडली. सड्यावरचे रोप मरते त्याच महिन्यात मुले आता शाळेत असतात. सुटताना बाटलीत उरलेले पाणी रोपाच्या आळ्यात ओतून जातात. मे महिन्यात शाळा बंदच असते. तेवढे दिवस फाटकाची किल्ली शाळेजवळच्या कुठल्या घरी ठेवायची आणि पाणी कुणी घालायचे, हे आम्ही आता एप्रिलच्या पालकसभेत ठरवतो.