यूटातील मॉर्मन आईवडील रस्त्यावर का उतरले?

३ जून २०१२ हा रविवार होता. अमेरिकेतल्या यूटा राज्याच्या राजधानीत, सॉल्ट लेक सिटीत, एलजीबीटी (समलिंगी, उभयलिंगी, पारलिंगी) लोकांची प्राइड पदयात्रा निघाली आणि त्या दिवशी तिच्यात तीनशेहून अधिक मॉर्मन सामील झाले. मॉर्मन म्हणजे याच शहरात मुख्यालय असलेल्या एका ख्रिस्ती चर्चचे अनुयायी. पुरुष पांढरा शर्ट आणि टाय घालून आले होते, बायकांनी प्रार्थनासभेला घालतात तेच पोशाख घातले होते. अनेक जण मुलांना बाबागाडीत बसवून चालत होते. रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्यांपैकी कित्येक जण याच चर्चच्या घरांत वाढले होते आणि समलिंगी असल्यामुळे घरापासून तुटले होते. त्यांना रडू आवरेना. एलजीबीटी मुलांना धार्मिक घरांनी आपले म्हणावे, यासाठी यूटामध्ये पुढे जे मेळावे, निधी जमवणारे कार्यक्रम आणि पालकांचे गट उभे राहिले, त्यातल्या पुष्कळ गोष्टींची सुरुवात या दिवसात शोधावी लागते.

त्या कपड्यांना अर्थ होता. आम्ही चर्च सोडून आलेलो नाही, असे ते सांगत होते. आणि ते सांगण्यात जोखीम होती. मॉर्मन मंदिरात जायला परवाना लागतो. तो दर दोन वर्षांनी मुलाखत देऊन नवा करून घ्यावा लागतो आणि त्या काळी मुलाखतीत एक प्रश्न असे: चर्चच्या शिकवणीविरुद्ध असलेल्या एखाद्या गटाशी तुमचा संबंध आहे का? परवाना गेला तर मंदिरात होणाऱ्या स्वतःच्या मुलीच्या लग्नालाही आईवडिलांना बाहेर थांबावे लागते. म्हणजे एका मुलाच्या बाजूने चालायचे तर दुसऱ्याच्या लग्नाला मुकण्याची तयारी ठेवायची.

शिवाय मॉर्मन श्रद्धेत कुटुंब मृत्यूनंतरही टिकते. मंदिरातल्या विधीने नवरा, बायको आणि मुले कायमची एकमेकांशी बांधली जातात. स्वर्गात आपल्या घरची एकही खुर्ची रिकामी राहू नये, असे तिथल्या आया नेहमी म्हणतात. मुलगा समलिंगी आहे हे कळले की त्या आईला आधी ती रिकामी खुर्ची दिसते. तिचा नकार बऱ्याचदा द्वेषातून येत नाही, मूल कायमचे हातचे जाईल या धास्तीतून येतो. बाहेरून टीका करणाऱ्यांनी हे फार क्वचित लक्षात घेतले आहे.

मागचा इतिहास थोडक्यात. १९७२ मध्ये न्यूयॉर्कच्या मोर्चात एक शिक्षिका आपल्या समलिंगी मुलाबरोबर हातात फलक धरून चालली. पुढच्या वर्षी तिने पालकांची पहिली बैठक घेतली, तीही एका मेथडिस्ट चर्चमध्ये. जुलै १९८५ मध्ये लॉस एंजेलिसला एड्सग्रस्तांसाठी निघालेल्या पदयात्रेने ६ लाख ७३ हजार डॉलर जमवले आणि चालून निधी उभारण्याची पद्धत या चळवळीत रुजली. यूटात मात्र १९७० च्या दशकात चर्चच्या विद्यापीठात समलिंगी विद्यार्थ्यांना ‘बरे’ करण्यासाठी विजेचे झटके दिले जात होते. समलिंगी मॉर्मनांनी १९७७ मध्ये आपला गट काढला, पण पालक त्यापासून लांबच राहिले.

पालकांना ढकलले ते २००८ ने. समलिंगी विवाह बंद करणारी घटनादुरुस्ती त्या वर्षी कॅलिफोर्नियात मतदानाला होती. जूनमध्ये तिथल्या प्रत्येक मॉर्मन मंडळीत चर्चच्या अध्यक्षमंडळाचे पत्र वाचून दाखवले गेले: या कामाला वेळ द्या, पैसा द्या. ज्यांचा मुलगा किंवा मुलगी समलिंगी होती, ते आईवडीलही त्याच बाकांवर बसून ते ऐकत होते. नोव्हेंबरमध्ये सुमारे ५२ टक्के मतांनी दुरुस्ती मंजूर झाली आणि तीन दिवसांनी सॉल्ट लेकच्या मुख्य मंदिराभोवती हजारोंचा निषेध मोर्चा निघाला. २०१२ च्या रविवारी पांढरा शर्ट घालून चाललेल्यांना ही जखम ठाऊक होती.

याच काळात एका संशोधनाने पालकांच्या हाती ठोस काही दिले. कॅलिफोर्नियातल्या २१ ते २५ वयाच्या २२४ समलिंगी आणि उभयलिंगी तरुणांचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. किशोरवयात घरच्यांनी फार झिडकारलेल्यांमध्ये आत्महत्येच्या प्रयत्नाचे प्रमाण, कमी किंवा अजिबात न झिडकारलेल्यांच्या तुलनेत ८.४ पट होते. २०१२ मध्ये त्याच संशोधकांनी खास मॉर्मन कुटुंबांसाठी पुस्तिका काढली. तिने श्रद्धा सोडायला सांगितले नाही. मुलाला मारू नका, मित्रमैत्रिणींपासून तोडू नका, घरच्या समारंभांतून वगळू नका, देव शिक्षा करील अशी भीती घालू नका, एवढेच सांगितले. या साध्या यादीने जितकी घरे सावरली असतील, तितकी वादविवादांनी सावरली असतील असे मला वाटत नाही.

डिसेंबर २०१३ मध्ये संघीय न्यायालयाने यूटातली समलिंगी विवाहबंदी रद्द केली. त्याच महिन्यात आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारे कलम ३७७ पुन्हा लागू केले होते आणि त्या खटल्यात दाद मागणाऱ्यांत धार्मिक संघटनाही होत्या. मार्च २०१५ मध्ये घर आणि नोकरीत भेदभाव करू नये असा कायदा यूटाने केला, तोही चर्चच्या पाठिंब्याने. पालकांना वाटले, आता दार उघडते आहे.

५ नोव्हेंबर २०१५ ला ते दार बंद झाले. बिशप, म्हणजे स्थानिक मंडळीचे प्रमुख, आणि वरच्या पदाधिकाऱ्यांसाठी असलेल्या नियमपुस्तिकेतला बदल बाहेर फुटला. समलिंगी विवाह करणारा सदस्य यापुढे धर्मत्यागी ठरणार होता आणि त्याच्यावर शिस्तभंगाची सुनावणी सक्तीची होती. हे एक वेळ अपेक्षित म्हणता येईल. धक्का बसला तो मुलांबद्दलच्या कलमाने. आई किंवा वडील समलिंगी नात्यात राहत असतील तर त्यांच्या तान्ह्या बाळाला नामकरणाचा आशीर्वाद मिळणार नव्हता, आठव्या वर्षी बाप्तिस्मा नाही, मुलग्याला बाराव्या वर्षी याजकपद नाही. अठरा पूर्ण झाल्यावर, त्या पालकाचे घर सोडून आणि समलिंगी सहजीवन व विवाहाचा जाहीर अस्वीकार करूनच चर्चमध्ये प्रवेश मागता येणार होता आणि त्यालाही सर्वोच्च पातळीवरची मंजुरी हवी.

दुसऱ्याच दिवशी एका वरिष्ठ प्रेषिताने, म्हणजे चर्चच्या सर्वोच्च नेत्यांपैकी एकाने, चित्रफितीतून बाजू मांडली. घरात एक शिकवण आणि चर्चमध्ये दुसरी, अशा ओढाताणीत मूल सापडू नये, म्हणून हे संरक्षण. बहुपत्नीक घरांतल्या मुलांनाही हाच नियम आहे, असे ते म्हणाले. या प्रेषितांचा स्वतःचा एक भाऊ समलिंगी आहे, त्यामुळे त्यांच्या तळमळीवर शंका घेण्याचे कारण नाही. पण युक्तिवाद टिकत नाही. आईवडील लग्नाविना एकत्र राहत असतील, दारू पीत असतील, चर्चची उघड टिंगल करत असतील, तरी त्यांच्या संमतीने आठ वर्षांच्या मुलाचा बाप्तिस्मा होत असे. ओढाताण त्याही घरांत होतीच.

शिवाय हा नियम नेमका कुणावर पडला ते पाहायला हवे. मागच्या पिढीतल्या अनेक समलिंगी मॉर्मन पुरुषांना धर्मगुरूंनीच स्त्रीशी लग्न करण्याचा सल्ला दिला होता. लग्न हा यावरचा इलाज समजू नये, असे चर्चच्या नेतृत्वाने जाहीरपणे सांगितले ते १९८७ मध्ये. तोवर आणि त्यानंतरही अशी कित्येक लग्ने झाली, मुले झाली, पुढे घटस्फोट झाले आणि मुलांचा ताबा दोघांत वाटला गेला. अशा घरातली आई श्रद्धाळू, दर रविवारी मुलांना घेऊन चर्चला जाणारी; वडील जोडीदारासोबत राहणारे. चर्चचाच सल्ला मानून उभे राहिलेल्या संसारातल्या मुलाला आता चर्च दारात थांबवत होते. ओरड इतकी झाली की १३ नोव्हेंबरला खुलासा करावा लागला: मुलाचे मुख्य घर समलिंगी जोडप्याचे असेल तरच नियम लागू आणि ज्यांचा बाप्तिस्मा झाला आहे त्यांना धक्का नाही. दुसऱ्या दिवशी मंदिराजवळच्या बागेत हजाराहून जास्त लोक सदस्यत्वाच्या राजीनाम्याची पत्रे घेऊन रांगेत उभे होते.

जानेवारी २०१६ मध्ये प्रेषितांमधल्या सर्वांत ज्येष्ठांनी हा नियम ईश्वरी साक्षात्कारातून आल्याचे सांगितले. त्यामुळे पेच वाढला. प्रशासकीय नियमाशी सदस्य मतभेद ठेवू शकतो. साक्षात्काराशी मतभेद म्हणजे श्रद्धेवरच प्रश्न. बरेच पालक या वाक्यानंतर बाहेर पडले. जे थांबले, त्यांनी गट बांधले. आयांचे गट वाढले, आत्महत्या रोखण्याचे प्रशिक्षण सुरू झाले. फेब्रुवारी २०१७ मध्ये प्रोव्हो शहरात मंदिरापासून हाकेच्या अंतरावर एका जुन्या घरात एलजीबीटी मुलांसाठी आणि त्यांच्या कुटुंबांसाठी केंद्र उघडले. त्याच ऑगस्टमध्ये जवळच्या ओरेम शहरातल्या मैदानावर निधीसाठी संगीत महोत्सव झाला आणि चर्चने त्याला जाहीर शुभेच्छा दिल्या.

४ एप्रिल २०१९ ला नियम मागे घेतला गेला. समलिंगी विवाह गंभीर पाप राहिले, पण धर्मत्याग उरला नाही. मुलांना आशीर्वाद आणि बाप्तिस्मा पुन्हा खुला झाला. २०१६ मध्ये साक्षात्काराचे विधान करणारे ज्येष्ठ प्रेषित आता चर्चचे अध्यक्ष होते. त्या सप्टेंबरमध्ये विद्यापीठातल्या भाषणात त्यांनी नियम करणे आणि मागे घेणे या दोन्हींमागे प्रेमच होते असे सांगितले. दिलगिरीचा शब्द नव्हता. नोव्हेंबर २०१५ मध्ये सात वर्षांचे असलेले मूल एव्हाना दहा-अकराचे झाले होते. वर्गातल्या सगळ्यांचा बाप्तिस्मा होताना ते बाजूला बसले होते. या मुलांकडे पाहून कुणीतरी वरून दोन शब्द बोलायला हवे होते, ही पालकांची मागणी मला रास्त वाटते.

पुढचे वेगाने घडले. अल्पवयीनांची लैंगिकता बदलण्याच्या तथाकथित उपचारांवर यूटाने जानेवारी २०२० मध्ये नियमाने आणि २०२३ मध्ये कायद्याने बंदी घातली. आधी विरोध करणाऱ्या चर्चने धर्मगुरूंना सूट मिळाल्यावर तो मागे घेतला. २०२२ मध्ये समलिंगी विवाहांना संरक्षण देणाऱ्या संघीय कायद्यालाही चर्चने पाठिंबा दिला. मे २०२५ पासून राज्याच्या नव्या कायद्याने शाळा आणि सरकारी इमारतींवर इंद्रधनुषी झेंडा लावायला मनाई झाली, तेव्हा सॉल्ट लेक सिटीने त्या रंगांवर शहराचे चिन्ह उमटवून तोही शहराच्या अधिकृत झेंड्यांपैकी एक करून टाकला.

पालकांच्या गटांत आज मात्र बोलणे चालते ते ऑगस्ट २०२४ च्या नियमांबद्दल. ते पारलिंगी सदस्यांसाठी आहेत. ज्यांनी लिंगबदलाची पावले उचलली आहेत त्यांना चर्चमध्ये शिकवता येत नाही, मुलांबरोबर काम करता येत नाही. युवा शिबिरांना जाता येते, पण रात्री मुक्कामाला थांबता येत नाही. समलिंगी मुलांच्या आईवडिलांनी २०१५ मध्ये जे प्रश्न बिशपपुढे नेले होते, तेच आता पारलिंगी मुलांचे आईवडील घेऊन जात आहेत आणि कोणत्या वॉर्डात, म्हणजे स्थानिक मंडळीत, काय उत्तर मिळेल हे त्या त्या बिशपवर ठरते.