‘पॅराडाइज लॉस्ट’च्या आधीची तेरा वर्षं

सिम्फनी एक्स या अमेरिकन मेटल बँडचा ‘पॅराडाइज लॉस्ट’ हा अल्बम जून २००७ मध्ये आला, तेव्हा जुन्या चाहत्यांना पहिल्या पाच मिनिटांतच धक्का बसला. आधीचा ‘द ओडिसी’ २००२ चा, म्हणजे मध्ये पाच वर्षं गेलेली. एवढी वाट पाहून हातात आला तो जड, काळोखा आणि चिडलेला अल्बम. बँड अचानक बदलला, असं तेव्हा अनेकांना वाटलं. मला ते पटत नाही. हा जडपणा तेरा वर्षं साचत आला होता, आणि जुने अल्बम क्रमाने ऐकत गेलं की तो कुठे कुठे साचला ते कळतं.

गिटारिस्ट मायकेल रोमिओने १९९४ मध्ये न्यू जर्सीत हा बँड उभा केला. तेव्हा अमेरिकेत ग्रंज या साध्या, ओबडधोबड रॉकचा जोर होता. लांबलचक सोलो, कीबोर्ड आणि जर्मन संगीतकार बाखच्या वळणाच्या सुरावटी वाजवणाऱ्यांना तिथे फारसं कोणी विचारत नव्हतं. विचारलं ते जपानने. रोमिओच्या सुरुवातीच्या डेमोची, म्हणजे नमुन्यादाखल केलेल्या रेकॉर्डिंगची, दखल तिथे घेतली गेली आणि पहिला अल्बमही जपानी कंपनीनेच काढला. स्वीडनचा गिटारिस्ट यंग्वी माल्मस्टीन याने १९८४ पासून रुळवलेली निओक्लासिकल शैली, म्हणजे बाखच्या वळणाच्या सुरावटी मेटल गिटारवर वाजवणं, जपानी श्रोत्यांना आधीच आवडत होती, आणि रोमिओची बोटं त्याच वळणाची. जर्मनीच्या हेलोवीन या बँडने रुजवलेला पॉवर मेटलचा, म्हणजे सुरेल आणि भव्य मेटलचा, वेग आणि प्रोग्रेसिव्ह रॉकमधली विषम मात्रांची मोडतोड, ही दोन्ही अंगं त्यात मिसळली. रूपक तालाच्या सात मात्रा ज्यांच्या कानात लहानपणापासून बसल्या आहेत, त्यांना हा हिशेब परका वाटू नये. सम कुठे येते ते एकदा सापडलं की गाणं आपोआप उलगडतं.

पहिल्या अल्बमवर रॉड टायलर गायला. १९९५ च्या दुसऱ्या अल्बमपासून रसेल ॲलन आला, आणि माझ्या मते २००७ च्या जडपणाचं पहिलं बीज तिथेच पडलं. पॉवर मेटलचे बहुतेक गायक टिपेला खेळतात. ॲलन वर जातो, पण त्याचा खरा मुक्काम खालच्या आणि मधल्या पट्टीत. आवाजाला खरखर आहे, ब्लूजचा ओलावा आहे. असा गळा हाताशी असताना संगीत कायम कारंज्यासारखं नाजूक ठेवणं अवघडच होतं.

१९९६ च्या ‘द डिव्हाइन विंग्ज ऑफ ट्रॅजेडी’ने बँडचं नाव झालं. त्याचं शीर्षकगीत वीस मिनिटांच्या वर जातं. २००० च्या पाचव्या अल्बमात अटलांटिसची कथा आली, आणि तिच्यात व्हर्डी व मोझार्ट यांच्या रेक्विएमचे, म्हणजे मृतांसाठीच्या प्रार्थनासंगीताचे, तुकडे गुंफले गेले. बासवर माइक लेपाँड आला तो याच अल्बमापासून. कीबोर्डवर मायकेल पिनेला होताच, आणि मधल्या एका अल्बमात नसलेला ड्रमर जेसन रुलोही परतला. पुढची सगळी मजल याच पाच जणांची.

खरं वळण ‘द ओडिसी’त आहे. लोकांच्या लक्षात राहिलं ते होमरच्या महाकाव्यावरचं चोवीस मिनिटांचं शीर्षकगीत आणि त्यातला रोमिओने स्वतः रचलेला वाद्यवृंद. पण त्याच अल्बमातली छोटी गाणी पुन्हा ऐका. गिटार पुढे सरकली आहे, कीबोर्ड मागे गेलाय. ती वाजवायची रीतही बदलली आहे: उजव्या तळव्याची कड ब्रिजपाशी, म्हणजे तारा गिटारच्या अंगावर टेकतात तिथे, तारांवर टेकवायची आणि पिक खाली मारायचा. मग तार वाजते, पण घुमत नाही. सूर दबून येतो, ठोक्यासारखा. थ्रॅश या वेगवान, आक्रमक मेटलवाल्यांचं हे जुनं हत्यार रोमिओने इथे मनापासून उचललं. २००५ मध्ये मेगाडेथ या थ्रॅश बँडच्या डेव्ह मस्टेनने काढलेल्या गिगँटूर या फिरत्या मैफलीत हा बँड अमेरिकाभर वाजला. सोबत फिअर फॅक्टरी, नेव्हरमोअर, डिलिंजर एस्केप प्लॅन यांच्यासारखी दणदणीत मंडळी. अशा गर्दीसमोर काय पोचतं आणि काय हवेत विरतं, हे वाजवणाऱ्याला कोणी वेगळं सांगावं लागत नाही.

मग विषय मिळाला तो इंग्रज कवी जॉन मिल्टनच्या ‘पॅराडाइज लॉस्ट’ या महाकाव्याचा. १६६७ मध्ये छापलेलं हे महाकाव्य दृष्टी गेलेल्या मिल्टनने तोंडी सांगून लिहून घेतलं. त्यात सगळ्यांत जिवंत उतरलाय तो सैतान. स्वर्गात चाकरी करण्यापेक्षा नरकात राज्य केलेलं बरं, असं म्हणणारा. होमरच्या नायकाला, ओडिसियसला, घरी परतायचं होतं, म्हणून आधीच्या अल्बमात समुद्र होता, ओढ होती. या सैतानाला परत जायला घरच नाही. उरतो तो संताप, मत्सर आणि गर्व. एवढ्या रागाला हलकी गिटार पुरली नसती. अल्बम सगळी कथा क्रमाने सांगत नाही, तिची सावली तेवढी घेतो. पहिल्या आवृत्तीत मिल्टनचे सर्ग दहा होते आणि इथे गाणीही दहाच. योगायोग असेल, पण मला तो आवडतो.

मिक्सिंग, म्हणजे वेगवेगळी वाद्यं आणि आवाज तोलून एकत्र बसवण्याचं काम, स्वीडनच्या येन्स बोग्रेनकडे गेलं. ओपेथ या स्वीडिश बँडच्या ‘घोस्ट रेव्हरीज’ या अल्बममुळे त्याचं नाव झालेलं होतंच. त्याने ड्रम आणि गिटारला जे वजन दिलं ते जुन्या अल्बमांत कधीच नव्हतं. तिसरं गाणं ‘डॉमिनेशन’ हेडफोन लावून ऐका. सुरुवातीला लेपाँडचा बास एकटाच धावतो, तारेवर बोट घासल्याचंही ऐकू येतं. मग बाकीचे एकदम कोसळतात, आणि ॲलन गायच्या ऐवजी गुरगुरत शिरतो. १९९५ मध्ये ज्या गळ्याला अर्धीच जागा मिळाली होती, त्याला इथे पूर्ण मोकळीक आहे.

तरी शीर्षकगीत हळुवार आहे, स्वर्ग गमावल्याचं दुःख त्यात खरोखर ऐकू येतं. पुढे २०११ चा ‘आयकॉनोक्लास्ट’ माणसावर यंत्रांची सत्ता येण्याविषयी होता आणि याहून कडक झाला. तिथे मात्र मला ही ओल कमी वाटते.

‘पॅराडाइज लॉस्ट’च्या शेवटच्या ‘रेव्हलेशन’ या गाण्याला लॅटिन उपशीर्षक आहे आणि त्यात ‘दिव्य पंख’ व ‘शोकांतिका’ हे दोन्ही शब्द येतात. गाणं संपत येतं तसे १९९६ च्या त्या लांब शीर्षकगीताचे सूर पुन्हा कानावर पडतात, या वेळी अकरा वर्षांचं वजन घेऊन.