अँजिओप्लास्टीचा फुगा पहिल्यांदा किचनमधे बनला

काकांची अँजिओप्लास्टी झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी आम्हाला स्क्रीनवर त्याचं शूटिंग दाखवलं. करड्या पडद्यावर काळी रेघ म्हणजे रक्तवाहिनी, आणि मधे एका जागी ती इतकी चिंचोळी की शिवणाच्या दोऱ्याएवढी. तिथे तो फुगा सरकत आला, हळूहळू फुगायला लागला आणि आधी त्याचा आकार चक्क डमरूसारखा झाला, दोन्ही टोकं फुगलेली आणि मधे कंबर आवळलेली. मग डॉक्टरांनी प्रेशर वाढवलं आणि एका क्षणात ती कंबर नाहीशी झाली. काकू म्हणाली, "झालं? एवढंच?" हो, एवढंच. पण ती कंबर घालवण्यामागे एका माणसाची कित्येक वर्षं गेलीत आणि त्याचं नाव आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नाही, याचं मला तेव्हापासून वाईट वाटतं. म्हणून हे लिहितोय.

त्याचं नाव आंद्रियास ग्रुंटझिग. जन्म २५ जून १९३९, जर्मनीतलं ड्रेस्डेन. म्हणजे जन्मला आणि दोनच महिन्यांत दुसरं महायुद्ध सुरू. वडील युद्धात गेले, मुलांना आईने वाढवलं. पुढे पूर्व जर्मनीतून तो पश्चिमेला आला, हायडेलबर्गला मेडिकल केलं, १९६४ ला डॉक्टर झाला आणि १९६९ मधे स्वित्झर्लंडमधे झुरिकच्या युनिव्हर्सिटी हॉस्पिटलमधे लागला. तिथे तो सुरुवातीला हृदयाचा डॉक्टर नव्हताच, पायाच्या रक्तवाहिन्या बंद झालेले पेशंट बघायचा.

आता थोडं मागे जाऊ. हृदयापर्यंत नळी नेता येते हे जगाला पहिल्यांदा दाखवलं तेही एका जर्मनानेच, वेर्नर फोर्समान. १९२९ मधे त्याने स्वतःच्याच हाताच्या शिरेतून लांब नळी हृदयापर्यंत सरकवली आणि तशाच अवस्थेत चालत जाऊन एक्स-रे काढून घेतला. (त्याच्यावर वेगळा लेख होईल, इथे थांबतो.) आणि १९६४ मधे अमेरिकेत पोर्टलंडला चार्ल्स डॉटर नावाच्या डॉक्टरने एका ८२ वर्षांच्या बाईंच्या पायाची अडलेली रक्तवाहिनी ऑपरेशन न करता मोकळी केली. त्याची पद्धत साधी, आधी बारीक नळी घालायची मग तिच्यावरून जाड नळी. अमेरिकेत बऱ्याच जणांनी ते मनावर घेतलं नाही पण युरोपात काही डॉक्टर ती पद्धत वापरत राहिले, त्यातल्याच एकाकडे, एबरहार्ड झाइटलरकडे, ग्रुंटझिग ती शिकला.

शिकला आणि त्यातली गोम त्याच्या लक्षात आली. जाड नळी आत घुसवायची तर पायाला जिथून घालता ते छिद्रही तेवढंच मोठं हवं. आणि नळी पुढे ढकलताना आत साचलेला चरबीचा कचरा खरवडून पुढे जायची भीती. मग असं काहीतरी हवं की जे जाताना बारीक असेल आणि योग्य जागी पोचल्यावर जाड होईल. म्हणजे फुगा.

पण कुठलाही फुगा चालत नाही, आणि या सगळ्या गोष्टीचं मर्म इथे आहे. सायकलची ट्यूब टायरच्या बाहेर काढून हवा भरून बघा, जिथे कमजोर असेल तिथेच ती टम्म फुगते, बाकी ठिकाणी तशीच. तीच ट्यूब टायरमधे असली की हद्दीत राहते आणि दगडासारखी कडक होते. रबरी फुगा अरुंद जागेत फुगवला तर त्याचं असंच होतं, जिथे अडथळा आहे तिथे तो दबतो आणि दोन्ही बाजूच्या चांगल्या भागात फुगत सुटतो. डमरू होतो पण डमरूची कंबर जात नाही, उलट बाजूची चांगली रक्तवाहिनी फाटायची. हृदयाच्या मोठ्या रक्तवाहिन्या म्हणजे तरी केवढ्या, तीन-चार मिलिमीटरच्या. तेव्हा असा फुगा हवा होता जो ठरलेल्या मापापर्यंत फुगेल, त्यापुढे एक केसभरही नाही, आणि मग सगळा जोर त्या अडथळ्यावर लावेल.

हे त्याने घरी केलं. झुरिकमधल्या फ्लॅटच्या किचनमधे, ड्युटी संपल्यावर. बायको मिशाएला, असिस्टंट मारिया श्लुम्प्फ आणि तिचा नवरा वाल्टर, असे चौघं टेबलाभोवती बसायचे आणि बारीक नळ्या, ब्लेड, गोंद घेऊन फुगे बनवायचे, बनवलेला फुटला की परत नवा. रेशमी जाळी गुंडाळूनही पाहिली. मग झुरिकच्याच हाइनरिख होफ नावाच्या रिटायर्ड केमिस्ट्रीच्या प्रोफेसरांकडून त्याला पीव्हीसीबद्दल कळलं. हो तेच पीव्हीसी, ज्याचे पाइप आपल्या घरात आहेत. पीव्हीसीची पातळ नळी गरम करून आत प्रेशर दिलं की तेवढाच भाग छोट्या सॉसेजसारखा फुगतो आणि त्याच मापावर थांबतो. सापडला टायर!

फेब्रुवारी १९७४ मधे तो फुगा पहिल्यांदा एका पेशंटच्या पायाच्या रक्तवाहिनीत वापरला आणि जमलं. पण त्याच्या डोक्यात पहिल्यापासून हृदयच होतं. मग नळी अजून बारीक केली, आत दोन मार्ग ठेवले, एकातून फुगा भरायचा आणि दुसऱ्यातून पुढचं रक्ताचं प्रेशर मोजायचं. अडथळ्याच्या पलीकडे प्रेशर कमी असतं, फुगा फुगवून काढून घेतला की ते वाढायला हवं, म्हणजे काम झालं की नाही हे तिथल्या तिथे आकड्यात दिसतं. आधी कुत्र्यांवर प्रयोग केले, १९७६ मधे अमेरिकेत मायामीच्या हार्टच्या कॉन्फरन्समधे त्याचं पोस्टर लावलं, येणारेजाणारे बघायचे आणि बहुतेकांना ते माणसावर चालेल असं वाटायचं नाही. शंका तशी रास्त होती, कारण फुगा फुगला की तेवढा वेळ हृदयाचा रक्तपुरवठा आपण स्वतःच बंद करतोय, मग पेशंटला तिथेच अ‍ॅटॅक आला तर?

१६ सप्टेंबर १९७७, झुरिक. पेशंट ३८ वर्षांचा, विम्याचं काम करणारा, छातीत दुखायचं, हृदयाच्या पुढच्या मुख्य रक्तवाहिनीत एकच छोटा अडथळा. बायपास ठरलेली होती पण त्याला छाती उघडून घ्यायची नव्हती. हॉस्पिटलचे हार्ट सर्जन ऑके सेनिंग यांनी परवानगी दिली आणि काही बिघडलं तर लगेच ऑपरेशन करता यावं म्हणून तयारी ठेवली. सेनिंगबद्दल मला फार आदर वाटतो, कारण हा फुगा चालला तर त्यांच्याच बायपासचे पेशंट कमी होणार होते. पेशंट पूर्ण जागा. फुगा दोनदा फुगवला. छातीत दुखलं नाही, ईसीजी बिघडला नाही आणि पलीकडचं प्रेशर वर आलं. खोलीतले सगळे थक्क, इतकं सोपं जाईल असं ग्रुंटझिगलाही वाटलं नव्हतं.

खरं तर इथे बहुतेक जण गोष्ट संपवतात, पण मला तो आवडतो तो याच्या पुढच्या भागासाठी. १९७९ मधे त्याने पहिल्या ५० पेशंटचा पेपर छापला आणि त्यात स्वच्छ लिहिलं की ५० पैकी ३२ जणांमधेच जमलं. १८ मधे नाही. पाच जणांना तातडीने बायपास करावी लागली, तिघांच्या ईसीजीत अ‍ॅटॅकच्या खुणा आल्या. आणि वर हेही लिहिलं की बायपासला जाणाऱ्या पेशंटपैकी साधारण १० ते १५ टक्क्यांनाच हे लागू पडेल, आणि बायपासशी नीट तुलना करणारी ट्रायल व्हायला हवी. जगभरातून डॉक्टर त्याच्याकडे धावत येत होते आणि शोध लावणारा स्वतःच सांगतोय की दमानं घ्या. शिकवतानाही तसंच, १९७८ पासून त्याने लाइव्ह कोर्स सुरू केले, तो आत पेशंटवर काम करतोय आणि बाहेर हॉलमधे डॉक्टर टीव्हीवर बघतायत, म्हणजे काही चुकलं तरी सगळ्यांसमोरच चुकणार.

१९८० मधे तो अमेरिकेत अटलांटाला एमरी युनिव्हर्सिटीत गेला कारण झुरिकमधे त्याला हवी तेवढी जागा मिळत नव्हती. भारतात ज्यांनी अँजिओप्लास्टी आणली ते चेन्नईचे डॉ. मॅथ्यू सॅम्युअल कलारिकल हेही त्याच्याकडे शिकलेले.

ग्रुंटझिगला दोन गोष्टींची उत्तरं मिळायची बाकी होती. एक म्हणजे फुगा नेमकं करतो काय. सुरुवातीला समज असा होता की रक्तवाहिनीत साचलेला चरबीचा थर मऊ मातीसारखा दाबला जातो. नंतर कळलं की थर तडकतो आणि रक्तवाहिनीची भिंत ताणली जाते, वाट मोठी होते ती त्यामुळे. दुसरी गोष्ट जास्त त्रासाची, साधारण तीनातल्या एका पेशंटमधे काही महिन्यांत तीच जागा परत अरुंद व्हायची. ताणलेली भिंत आक्रसते, जखम भरताना आतून पेशी वाढतात. यावर उपाय म्हणून आतून धातूची जाळी लावायची, म्हणजे स्टेंट, ज्याला आपल्याकडे सगळे स्प्रिंग म्हणतात. माणसाच्या हृदयात पहिले स्टेंट १९८६ मधे बसवले, फ्रान्समधे जाक प्युएल आणि स्वित्झर्लंडमधे उलरिख सिगवार्ट यांनी, आणि हा सिगवार्टही मूळचा जर्मनच. आज काकांच्या फुग्यावर जी स्प्रिंग बसवून आली ती तिथून आलेली.

ग्रुंटझिगला ते बघायला मिळालं नाही. २७ ऑक्टोबर १९८५ ला तो स्वतःचं छोटं विमान चालवत अटलांटाकडे परत येत होता, सोबत दुसरी बायको मार्गरेट अ‍ॅन, हवा खराब होती आणि जॉर्जिया राज्यात फोर्सिथजवळ विमान कोसळलं. दोघंही गेले. तो ४६ वर्षांचा होता. त्याच वर्षी फेब्रुवारीत डॉटरही गेला होता.

झुरिकच्या सुरुवातीच्या पेशंटचं पुढे काय झालं याचा हिशोब त्याने शेवटपर्यंत ठेवला होता. तो पेपर त्याच्या मृत्यूनंतर १९८७ मधे आला, १६९ पेशंट, त्यातल्या १३३ जणांमधे यश. लेखकांच्या यादीत त्याच्या नावासोबत मारिया श्लुम्प्फचंही नाव आहे, किचनमधल्या टेबलावर फुगे चिकटवणाऱ्या त्याच मारियाचं. आणि त्याच वर्षी त्या पहिल्या पेशंटची, विमावाल्याची, परत अँजिओग्राफी केली, म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा एक्स-रे काढून बघितला. दहा वर्षं झाली होती, स्टेंट वगैरे काही नाही, नुसता तो पीव्हीसीचा फुगा दोनदा फुगवलेला. जागा अजून मोकळी होती.