डॉक्टर पुरेसे आहेत, मग 36 तासांची ड्यूटी का?

ऑगस्ट 2024 मधे कोलकात्याच्या आर. जी. कर हॉस्पिटलमधे ड्यूटीवरच्या डॉक्टर मुलीवर बलात्कार आणि तिचा खून झाला, त्या भयंकर घटनेनंतर देशभर रेसिडेंट डॉक्टर (हॉस्पिटलात काम करता करता पीजी शिकणारे) संपावर गेले आणि 36-36 तासांच्या ड्यूट्या घरोघरी चर्चेत आल्या. त्याच वर्षी सरकारने संसदेत सांगितलं की देशात 836 लोकांमागे एक डॉक्टर आहे (आयुषवाले धरून), म्हणजे डब्ल्यूएचओचा म्हणून सांगितल्या जाणाऱ्या 1000 ला एक या आकड्यापेक्षा आपण बरे. तेव्हापासून इथे इंदूरला आपल्या मराठी मंडळींत हा प्रश्न मी सारखा ऐकतोय, की डॉक्टर पुरेसे आहेत तर ही पोरं एवढी का राबतात? कोणी म्हणतं सगळी सिस्टीमच सडलीय, कोणी म्हणतं आजकालच्या मुलांना कष्ट नकोत. मला वाटतं यातलं बरंचसं उत्तर गणितात आहे आणि ते सगळ्यांना कळायलाच हवं.

हे रांगेचं गणित, क्यूइंग थिअरी. आग्नेर एरलांग नावाचा डॅनिश गणिती कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत होता, किती कॉलना किती लाइनी लागतील हे काढता काढता त्याने 1909 मधे याचा पाया घातला.

समजा कॅज्युअल्टीत एक डॉक्टर आहे. एका पेशंटला सरासरी 10 मिनिटं लागतात, म्हणजे तासाला 6 बघून होतील, आणि येतात सरासरी 5. वाटतं, तासाला 10 मिनिटं रिकामीच की! पण पेशंट काही घड्याळ लावून दर 12 मिनिटांनी येत नाहीत. सरासरी 5 असली तरी 100 तासांपैकी साधारण 3 तास असे निघतात की 10 किंवा जास्त पेशंट येतात, म्हणजे 36 तासांच्या ड्यूटीत सरासरी एक तरी असा तास. कॅज्युअल्टीत भलेभले म्हणतात की पौर्णिमेला गर्दी वाढते, किंवा "आज शांत आहे" असं तोंडातून काढू नका. चंद्राचा काही संबंध नाही हो, मोजून बघितलं की तो सापडत नाही, योगायोगाने येणाऱ्या गोष्टी अशाच घोळक्याने येतात आणि आपल्याला फक्त पौर्णिमेचा घोळका लक्षात राहतो.

आता खरी गंमत. सरासरी किती थांबावं लागेल याचं सूत्र सोपं आहे, डॉक्टरचा बिझी वेळ भागिले रिकामा वेळ, गुणिले एका पेशंटचा वेळ. आपल्या उदाहरणात 50 मिनिटं बिझी, 10 रिकामी, भागाकार 5, म्हणून वेटिंग 50 मिनिटं. डॉक्टर निम्मा वेळ बिझी असेल तर 10 मिनिटं, 90 टक्के बिझी तर 90 मिनिटं, 95 टक्क्यांना 190! 100 टक्क्यांना रांग कधी संपतच नाही. आणि हे साधं मॉडेल झालं, पोलाचेक आणि खिंचिन या गणितज्ञांनी 1930 च्या आसपास दाखवलं की एकेका पेशंटला लागणाऱ्या वेळात जितका चढउतार, म्हणजे व्हेरियन्स, तितकी सरासरी रांग अजून वाढते, मग बिझी टक्के तेच का असेनात. एक नुसता टाके घालायला आलेला, दुसरा हार्ट अटॅकचा, त्यामुळे कॅज्युअल्टीचा व्हेरियन्स प्रचंड असतो. म्हणून ऑडिटवाल्यांना जो डॉक्टर "रिकामा" दिसतो ना, तो रिकामा वेळच सिस्टीम चालू ठेवतो.

इथल्या सराफ्यात, म्हणजे रात्रीच्या खाऊगल्लीत, माल संपला की दुकानदार हात जोडून मोकळा होतो, पण झाबुआ-अलिराजपूरसारख्या लांबच्या जिल्ह्यातून रेफर होऊन आलेल्याला कोण परत पाठवणार? रांग थांबू शकत नाही, मग डॉक्टरची ड्यूटी ताणली जाते. रेसिडेंटला स्टायपेंड महिन्याचा ठरलेला, जास्तीच्या तासाचा हॉस्पिटलला एक रुपयाही खर्च नाही, त्यामुळे सगळा ताण तिथेच जिरवतात. खरं तर शक्यतो 12 तासांपेक्षा जास्त सलग ड्यूटी नको, आठवड्याला 48 तास, हे केंद्राच्या 1992 च्या रेसिडेन्सी स्कीममधे लिहिलेलं आहे.

माझी भाची एका मोठ्या सरकारी हॉस्पिटलात पीजी करतेय. ती म्हणते, "मामा, पहाटे चार वाजता पोटॅशियमचा रिपोर्ट तीनदा वाचते तेव्हा आकडा डोक्यात शिरतो." 17 तास जागं राहिलं की माणसाचं काम 0.05 टक्के रक्त-अल्कोहोल असल्यासारखं होतं, हे ऑस्ट्रेलियात 1997 मधे मोजलंय. अमेरिकेत 2004 च्या एका अभ्यासात आयसीयूतल्या इंटर्नच्या गंभीर चुका लांब ड्यूट्यांमधे 36 टक्के जास्त निघाल्या. आणि थकलेला डॉक्टर नुसता चुकत नाही, हळूही होतो. 10 ऐवजी 11 मिनिटं, फक्त एक मिनिट वाढलं तर वेटिंग 50 वरून 121 मिनिटांवर जातं, मग ड्यूटी आणखी लांबते, मग अजून थकवा. स्ट्रेस मॅनेजमेंटची शिबिरं आणि प्राणायाम याने यातला एकही आकडा हलत नाही.

हेच गणित उलटंही चालतं. भाची रात्री सॅम्पल घेऊन स्वतः लॅबला पळते, एमएलसीचे (पोलीस केसचे) कागद भरते, डिस्चार्ज समरी टाइप करते, आयुष्मान योजनेसाठी फोटो अपलोड करते, यातल्या बऱ्याच कामाला डॉक्टर लागतच नाही. एक वॉर्डबॉय आणि एक डेटा एंट्री ऑपरेटर रात्रपाळीला देऊन प्रत्येक पेशंटमागे 2 मिनिटं वाचवली, 10 ची 8 केली, तर पेशंट तेवढेच, डॉक्टर तोच, आणि वेटिंग 50 वरून 16 मिनिटांवर येतं.