अंगठ्याने वाकणारं लोखंड

काकांनी मशीनच्या आडव्या तुळईवर अंगठा टेकवला आणि जोर दिला. वजनकाट्यावर दाबून पाहिलंत तर असा जोर दहा किलोच्या आसपास भरतो, फार काही नाही. शेजारी चुंबकाच्या स्टँडवर लावलेल्या डायल गेजचा काटा सरसर फिरला आणि चाळीस घरं पुढे जाऊन थांबला. अंगठा उचलला, काटा परत शून्यावर.

"एक घर म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग," काका म्हणाले. "चाळीस घरं! अरे, हे मशीन नाही, स्प्रिंग आहे."

शेजारच्या काकांचं सगळं आयुष्य भोसरीच्या टूलरूममध्ये गेलं. निवृत्तीनंतरही त्यांच्या कपाटात डायल गेज, फीलर गेज आणि एक ओळीने घासून पुसून ठेवलेले गुण्ये असतात. माझं पहिलं सीएनसी राउटर बघायला ते कौतुकाने आले होते आणि दोन मिनिटांत त्याचं निदान करून चहा प्यायला बसले.

राउटर म्हणजे वायफायचा डबा नव्हे. सुतार हातात धरून लाकडात खाचा पाडतो ते गरगरणारं पातं, तेच यंत्राच्या हाती दिलं आणि यंत्राला संगणकाने हलवलं की झालं सीएनसी राउटर. खाली टेबल, त्यावर मागे-पुढे सरकणारी कमान, कमानीवर डावी-उजवीकडे जाणारी गाडी आणि गाडीवर वर-खाली होणारी मोटर. गणपतीच्या मखरांची नक्षीदार एमडीएफची महिरप अशाच मशीनवर कापलेली असते. असं मशीन मी गॅरेजमध्ये केलं. पुण्यात गॅरेज म्हटलं की स्कूटर दुरुस्तीचं दुकान डोळ्यांसमोर येतं. माझं गॅरेज म्हणजे कोथरूडच्या जुन्या बंगल्याचं पार्किंग, ज्यात आता गाडी तिरकी लावावी लागते.

पहिलं मशीन मी ॲल्युमिनियमच्या चौकोनी पाइपांचं केलं होतं. प्लायवूड ते बऱ्यापैकी कापायचं. ॲल्युमिनियमची पट्टी लावली की मात्र किंचाळायचं, कड करवतीसारखी दातेरी यायची आणि सहा मिलिमीटरची दोन-तीन टूल्स (कापणारी पाती) तर मोडलीच. मला वाटलं मोटर कमी पडतेय. काकांच्या अंगठ्याने सांगितलं की कमी पडतंय ते अंग.

हिशेब सोपा आहे. टूल मिनिटाला १८,००० फेरे घेतं, त्याला दोन धारा आहेत आणि ते मिनिटाला १,८०० मिलिमीटर पुढे सरकतं. म्हणजे मिनिटाला ३६,००० वेळा धार लागते आणि प्रत्येक धार जो कीस काढते तो ०.०५ मिलिमीटर जाड, कागदाच्या निम्मा. डायल गेजच्या भाषेत पाच घरं. असा काप घेताना टूलवर सरासरी पाच किलोच्या आसपास जोर येतो, आणि तेवढ्या जोराने माझं मशीन वीस घरं वाकणार. ज्याला पाच घरांचा कीस काढायचाय तो स्वतःच वीस घरं मागे सरतो. मग धार धातूत घुसत नाही, नुसती घासते. घासून तापते, ॲल्युमिनियम मऊ होऊन टूलला चिकटतं, आणि ताणलेली कमान सुटली की टूल एकदम खोल घुसतं. तुटलेल्या टूल्सचं रहस्य एवढंच होतं.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा, जो मलाही होता. मजबुती आणि ताठपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मजबुती म्हणजे किती जोर लावल्यावर वस्तू मोडते किंवा कायमची वाकते. ताठपणा म्हणजे दिलेल्या जोराला ती किती दबते, जरी नंतर जशीच्या तशी परत येत असली तरी. माझं ॲल्युमिनियमचं मशीन मजबूत होतंच, त्यावर मी उभा राहिलो असतो. पण ताठ नव्हतं. पदार्थाचा ताठपणा यंग गुणांकात मोजतात: पोलादाचा सुमारे २०० गिगापास्कल, ॲल्युमिनियमचा ७०, प्लायवूडचा दहाच्या आसपास. यातली गंमत अशी की पोलाद साधं घ्या नाहीतर महागडं उच्च ताकदीचं, हा आकडा जवळपास तोच राहतो. महाग पोलाद उशिरा मोडेल, पण अंगठ्याखाली तेवढंच दबेल. म्हणूनच मी भंगारातून किलोवर पाइप आणले आणि त्याची मला अजिबात लाज वाटली नाही.

पदार्थापेक्षाही मोठा फरक आकार पाडतो. शाळेतली फूटपट्टी आडवी धरून वाकवा, सहज वाकते. तीच उभ्या कडेवर धरून वाकवून बघा. तीन मिलिमीटर जाड आणि तीस रुंद असेल तर उभी पट्टी आडवीच्या शंभरपट ताठ. पुस्तकांच्या फळीला झोळ पडतो तेव्हा याच नियमाची दुसरी बाजू दिसते: फळीची लांबी दुप्पट केली की तेवढ्याच वजनाने झोळ आठपट.

माझी जुनी तुळई ॲल्युमिनियमची, ५० बाय ५० चा तीन मिलिमीटर जाड पाइप, लांबी एक मीटर. दोन्ही टोकं टेकवून मधे दहा किलो टांगले तर कागदावर ती ०.१४ मिलिमीटर वाकते. नवी तुळई १०० बाय १०० चा सहा मिलिमीटर जाड पोलादी पाइप. तेवढ्याच वजनाने ती ०.००३ मिलिमीटर वाकते. वजन दीड किलोवरून पावणेअठरा किलोवर गेलं, म्हणजे बारापट, आणि ताठपणा चाळीसपटीहून जास्त वाढला. दणकट मशीन जड असतं ते एवढ्यासाठी.

पण लक्ष द्या, काट्याने ४० घरं दाखवली होती आणि तुळईचा वाटा त्यात फक्त १४ चा. उरलेली २६ कुणाची? हा प्रश्न मी आधी विचारला नाही आणि त्याची किंमत मोजली. नवी तुळई बसवून मोठ्या तोऱ्यात काकांना बोलावलं, अंगठा लावला, काटा २५ वर. एका मागोमाग एक जोडलेल्या स्प्रिंगांचं दबणं एकत्र बेरजेला लागतं. एक स्प्रिंग दगडासारखी केली तरी बाकीच्या आपापल्या वाट्याचं दबतातच. मोटर धरणारी झेडची, म्हणजे वर-खाली सरकणारी, प्लेट दहा मिलिमीटरची होती, कमानीचे पाय पातळ होते, एका ठिकाणी बोल्टखाली रंगाचा थर होता. रंगाचाही झोळ असतो हे मला त्या दिवशी कळलं.

शिवाय वाकण्याखेरीज पिळणं हा प्रकार आहेच. मोटर तुळईच्या पुढे आणि खाली लटकते, त्यामुळे टूलवरचा प्रत्येक धक्का तुळईला पिळतो. पदवीचं प्रमाणपत्र ठेवायची पुठ्ठ्याची नळी घ्या आणि दोन्ही हातांनी पिळून बघा, हलणार नाही. आता तिला लांबीच्या बाजूने एक चीर द्या आणि पुन्हा पिळा. पुठ्ठा तेवढाच, वजन तेवढंच, पण नळी चिंधीसारखी पिळते. कारण बंद नळीत पिळाचा ताण भिंतींतून गोल फिरत राहू शकतो, चिरेपाशी त्याची वाटच तुटते. म्हणून कमानीला एका बाजूने उघडा सी-चॅनल न वापरता बंद पाइप वापरायचा. मी आधी चॅनल आणला होता. तो आता अंगणात कुंड्या ठेवायला आहे.

सांगाडा वेल्डिंगचा. वितळलेला धातू थंड होताना आकसतो आणि जोडाला आपल्याकडे ओढतो, त्यामुळे एका बाजूने सरळ शिवत गेलात तर सांगाडा केळीच्या पानासारखा वळतो. आधी सगळीकडे नुसते टाके, मग उलटसुलट क्रमाने छोटे छोटे जोड, मधे थांबून गार होऊ देणं. एवढं करूनही माझ्या सांगाड्याच्या दोन बाजूंत दीड मिलिमीटरची उंच-सखल होती. वेल्डर खूश होता. "अर्ध्या सुताचासुद्धा फरक नाही," तो म्हणाला, आणि त्याच्या हिशेबात ते खरंच होतं. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तीन मिलिमीटरपेक्षा जरा जास्त. माझ्या हिशेबात मात्र दीडशे घरं होती. ज्या रुळांवर बेअरिंगच्या गाड्या धावतात ते रूळ खालच्या पृष्ठभागाचा आकार घेतात. पृष्ठभाग वाकडा तर रूळ वाकडा.

मोठ्या मिलिंग मशीनवर सांगाडा नेऊन घासून घेणं हा राजमार्ग. टेम्पो, क्रेन आणि बिल, तिन्ही ऐकून मी दुसरा मार्ग धरला: पातळ इपॉक्सी. रुळांच्या जागी दोन्ही बाजूंना पट्ट्यांचे बांध घालून त्यात हे द्रव ओतायचं आणि ते स्वतःच समपातळीत येऊन घट्ट होण्याची वाट बघायची. युक्ती अशी की दोन्ही बाजूंचे हौद एका आडव्या पन्हळीने जोडायचे. तसं केलं नाही तर दोन्ही पृष्ठभाग आपापल्या जागी सपाट येतात पण एकमेकांच्या पातळीत येत नाहीत. पाणी आपली पातळी शोधतं हे आपण सहज म्हणतो, पण ती पातळी नेमकी सपाट नसते. ती पृथ्वीची गोलाई घेते. एक मीटर लांबीत ही गोलाई किती? मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाचा, पन्नासावा भाग. तेवढी चूक मी पृथ्वीला माफ केली. खरी अडचण कडांची: बांधाला चिकटून द्रव थोडं वर चढतं, जसं पेल्याच्या काठाशी पाणी चढतं. म्हणून हौद रुळापेक्षा बराच रुंद ठेवावा लागतो. एका रात्री सगळं ओतलं, पंखा बंद केला, आणि सकाळी त्यात एक मुंगी कायमची विराजमान झालेली सापडली. ती रुळाच्या वाटेत नव्हती, म्हणून अजून तिथेच आहे.

काटकोन मात्र जुन्या पद्धतीनेच काढला. गवंडी दोरीने तीन-चार-पाच करतात तेच, पण त्याहून बारीक म्हणजे दोन्ही कर्ण मोजणं. मीटरभर चौकोन एक मिलिमीटरने तिरका असेल तर कर्णांत १.४ मिलिमीटरचा फरक पडतो, म्हणजे चूक आपोआप मोठी होऊन दिसते.

मोटरी आणि वायरिंगचं काम सगळ्यांना सर्वांत अवघड वाटतं आणि प्रत्यक्षात ते सर्वांत सोपं आहे. तपकीर गल्लीत एक दुपार गेली की सुटं सामान बरंचसं जमतं. स्टेपर मोटर एका फेऱ्यात २०० पावलं टाकते, ड्रायव्हर प्रत्येक पावलाचे आठ तुकडे करतो, आणि बॉलस्क्रू, म्हणजे गाडी सरकवणारा आट्यांचा दांडा, एका फेऱ्यात पाच मिलिमीटर सरकवतो. म्हणजे एका मिलिमीटरला ३२० ठोके, एका ठोक्याला साधारण तीन मायक्रॉन. जाहिरातीत हाच आकडा 'अचूकता' म्हणून छापतात. घड्याळात सेकंद काटा आहे म्हणून घड्याळ बरोबर असतंच असं नाही, तसंच हे.

या यंत्रांचा इतिहास बघितला की माझी चूक आणखी ठसठशीत दिसते. अमेरिकेत जॉन पार्सन्स हेलिकॉप्टरची पाती बनवायचे आणि पात्याची वळणं आकड्यांवरून कापता येतील का, या विचारातून संख्यात्मक नियंत्रणाची कल्पना पुढे आली. १९५२ मध्ये एमआयटीच्या प्रयोगशाळेने भोकं पाडलेल्या कागदी पट्टीवर चालणारं मिलिंग मशीन लोकांना दाखवलं. त्यांनी मशीन नव्याने बनवलं नव्हतं. कारखान्यातलं एक अवजड, ताठ मशीन घेतलं आणि त्याला व्हॅक्यूम ट्यूबचा मेंदू जोडला. तेव्हा अंग होतं, मेंदू महाग होता. आज तळहाताएवढ्या सर्किटवर ग्रब्लसारखं फुकट सॉफ्टवेअर तेच काम करतं, म्हणून आम्ही हौशी लोक मेंदू आधी विकत घेतो आणि मग त्याला काड्यापेटीचं अंग लावतो.

ताठपणा आला तरी किंचाळणं पूर्ण थांबलं नव्हतं. धार सेकंदाला ६०० वेळा आपटते. एका धारेने थरथरत कापलं की पृष्ठभागावर लाटा राहतात. पुढची धार त्या लाटांवरून जाते, तिला कुठे जाड कीस मिळतो कुठे पातळ, त्यामुळे ती आणखी थरथरते. तबला घुमावा तसा पोकळ पाइप घुमतो. उपाय गावठी: पाइपांत उन्हात खडखडीत वाळवलेली वाळू ठासून भरली. वाळूने ताठपणा वाढत नाही, पण कण एकमेकांवर घासतात आणि थरथरीची ऊर्जा उष्णतेत जिरते. आधी पाइपवर हातोडी मारली की 'टण्ण' वाजायचं, आता 'ठप्प' वाजतं. तबल्याचं उशीत रूपांतर झालं.

हवामानही गप्प बसत नाही. हिवाळ्यात पहाटे १२ अंश आणि दुपारी ३० हे पुण्यात नेहमीचं. अठरा अंशांच्या फरकाने मीटरभर पोलाद ०.२ मिलिमीटर वाढतं आणि ॲल्युमिनियम ०.४, म्हणून पोलादी सांगाड्यावर लांब ॲल्युमिनियमची प्लेट घट्ट आवळली की दुपारी ती कमान टाकते. पावसाळ्यात टेबलावरचं एमडीएफ ओल पिऊन फुगतं, ते मशीननेच पुन्हा तासून घ्यायचं.

सगळं झाल्यावर काकांनी परत अंगठा लावला. काटा चार घरांवर थांबला. त्यांनी 'ठीक आहे' म्हटलं, आणि टूलरूममधल्या माणसाकडून हे शब्द मिळणं सोपं नसतं. ॲल्युमिनियमच्या पट्टीवर रॉकेलचे दोन थेंब टाकून काप घेतला, कड आरशासारखी नाही पण बोट फिरवता येईल अशी आली.

डायल गेज तसाच लावलेला होता. संध्याकाळी मुलगी गाडी घेऊन आत आली आणि काटा दोन घरं हलला. मशीनला कुणी हात लावला नव्हता. आम्ही दोघं खाली वाकून बघत बसलो, तेव्हा लक्षात आलं: मशीनचा एक पाय पाण्याच्या भूमिगत टाकीच्या स्लॅबवर आहे. गाडी स्लॅबवर आली की स्लॅब वाकतो, तो पाय किंचित खाली जातो आणि चार पायांचा सांगाडा पिळतो. काका म्हणाले, पाय तीनच ठेव, तिपाई कधी डुगडुगत नाही. तेवढं वेल्डिंग अजून व्हायचंय. तोवर गेटचा आवाज आला की मी काप थांबवतो.