स्थानिक किंमत व संख्यांचे अक्षरी लेखन

संख्येतील जागेमुळे अंकाला येणारी किंमत म्हणजे स्थानिक किंमत. उजवीकडून एकक, दशक, शतक, हजार, दशहजार, लक्ष, दशलक्ष, कोटी अशी स्थाने असतात आणि डावीकडचे प्रत्येक स्थान आधीच्या दहापट असते. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त (इ.स. ११५०) परार्धापर्यंत अठरा स्थाने सांगितली आहेत, परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्ये. शाळेला अब्जापर्यंत पुरते.

२०११ च्या जनगणनेत नागपूर शहराची लोकसंख्या २४,०५,६६५ भरली. ही संख्या जणू गणिताच्या शिक्षकांसाठीच घडली असावी. शेजारी बसलेल्या दोन सहांपैकी एकाची किंमत ६००, दुसऱ्याची ६०. एक पाच ५,००० चा, दुसरा नुसता ५. खरी गंमत दशहजारस्थानच्या शून्यात आहे. अक्षरी लिहिताना ‘चोवीस लाख पाच हजार सहाशे पासष्ट’ होते, त्यात शून्याचा उच्चारच नाही. ऐकून आकडे मांडणारे मूल मग २,४५,६६५ लिहून मोकळे होते आणि नागपूर सुमारे दहाव्या हिश्श्याचे उरते. उजवीकडचे तीन अंक सोडून पुढे दोन-दोन अंकांवर स्वल्पविराम देतात तो यासाठीच: हजारांचे घर दोन अंकांचे, पाच हजार असले तरी लाखानंतर ते ०५ असेच भरायचे.

मराठीची आणखी एक अडचण जोडशब्दांची. ६५ लिहिताना सहा आधी, ‘पासष्ट’ म्हणताना पाच आधी. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात २१ चे ‘वीस एक’ असे सुटे वाचन आले तेव्हा राज्यभर वाद झाला. लहान मुलांच्या दृष्टीने मात्र त्यात तथ्य होते. नागपूरच्या पोरांना घरी पासष्ट आणि इतवारीच्या बाजारात पैंसठ, असे दोन्ही कानावर पडते. पाच आधी येण्याची खोड दोन्हीकडे सारखीच.

बोलीत सव्वाशे (१२५), पावणेदोनशे (१७५), अडीच लाख (२,५०,०००) सर्रास चालतात, पण चेकवर नाही. तिथे रक्कम पूर्ण अक्षरांत लिहून पुढे ‘फक्त’ जोडतात, म्हणजे कोणाला शब्द वाढवता येत नाही. आकडा आणि अक्षर जुळले नाही, तर १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १८ नुसार अक्षरी रक्कमच देय ठरते.